तीन कोटेशनं आणि रोजचे चार टँकर: सोसायटीच्या ऑडिटरकडून नेमकं काय घ्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. ठाण्यात घोडबंदर रोडवरची 184 फ्लॅटची सोसायटी. तुम्ही नवे खजिनदार. गेली पाच वर्षं ऑडिटमध्ये ‘अ’ वर्ग. आता जुनी बिलं चाळताना पाण्याच्या टँकरचा वर्षाचा खर्च 29 लाख 20 हजार दिसला, टँकर 10,000 लिटरचा आणि दर 2,000 रुपये. ऑडिटरने त्यावर एक ओळही लिहिलेली नाही. येत्या वार्षिक सभेत नवा ऑडिटर नेमायचा आहे आणि हातात तीन कोटेशनं आहेत: 15,000, 32,000 आणि 60,000. तुम्ही विचारलंय, “जुना ऑडिटर झोपला होता का, आणि यातलं कोणतं कोटेशन घ्यावं?”

जुन्या ऑडिटरबद्दल कागद न बघता मत देणार नाही. पण त्याने त्याचं काम अगदी रीतसर केलं असेल आणि तरीही टँकरचा घोळ, असलाच तर, त्याच्या हाती लागला नसेल, हे सहज शक्य आहे. हे कसं होतं ते कळलं की कोटेशनचा निर्णय निम्मा होतो.

29,20,000 भागिले 2,000 म्हणजे 1,460 टँकर. भागिले 365 म्हणजे रोज बरोबर चार. आता हे ऑडिटरच्या टेबलावर कसं येतं बघा. महिन्याला साधारण 2 लाख 43 हजारांचं एक बिल. बिलावर सप्लायरचा शिक्का, मॅनेजरची ‘तपासले’ अशी सही, सेक्रेटरी आणि खजिनदाराच्या सह्या, चेकने किंवा एनईएफटीने पैसे दिलेले, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तीच रक्कम, कमिटीच्या सभेत खर्चाला मंजुरी. व्हाउचर तपासणीच्या भाषेत हे आदर्श व्हाउचर आहे. बारापैकी बारा बिलं तपासली तरी बाराही पास होतील. कारण खोट असलीच तर ती रकमेत नाही, संख्येत आहे. चार आले की तीन आले, हे हिशेबाच्या कोणत्याच वहीत नसतं. ते असतं गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये, आणि ते रजिस्टर ‘हिशेबाचं पुस्तक’ नाही म्हणून कोणी मागत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की ऑडिटला जो प्रश्न विचारला, त्याचंच उत्तर मिळतं. ‘नोंदलेल्या खर्चाला कागद आहे का’ हा एक प्रश्न. ‘कागदावरचा माल खरंच आला का’ हा वेगळा प्रश्न. पहिल्याला बिलांची फाईल पुरते. दुसऱ्यासाठी फाईल मिटून गेटवर जावं लागतं.

या दुसऱ्या प्रश्नासाठी जी पद्धत वापरतात तिला ॲनालिटिकल प्रोसीजर म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे: वहीतला आकडा बघायच्या आधी तो किती असायला हवा याचा स्वतंत्र अंदाज काढायचा. तुमच्या बाबतीत करून बघू. 184 फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं धरली तर 736. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष माणशी रोज 135 लिटर. म्हणजे गरज 99,360 लिटर. तुम्ही म्हणता की महापालिकेच्या बिलावर सरासरी रोजचं 70,000 लिटर येतं. तूट सुमारे 29,000, म्हणजे तीन टँकर. वहीत चार. रोज एक टँकर जास्त, वर्षाला 7 लाख 30 हजार.

पण एवढ्यावर कोणावर बोट ठेवू नका. फ्लॅटमागे चारऐवजी पाच माणसं धरा: 920 माणसं, 1,24,200 लिटर, तूट 54,200 आणि टँकर पाचाहून जास्त. एक गृहीत बदललं आणि चोर साव झाला! रिकामे फ्लॅट, बाग, गळकी टाकी, स्विमिंग पूल, सगळं या अंदाजात घुसतं. त्यामुळे एकूण आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची. महापालिकेचं पाणी ज्या बिलाच्या काळात कमी आलं, त्या काळात टँकर वाढले का? मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला जाते, दिवाळीत जाते, तेव्हा आकडा हलला का? खरा वापर वर-खाली होतो. बारा महिने 120 ते 124 च्या पट्ट्यात बसलेला आकडा हा वापराचा नसतो, तो कोणीतरी ठरवलेला असतो. मग गेट रजिस्टर काढा आणि तीन गोष्टी बघा: एकाच नंबरच्या गाडीच्या दोन फेऱ्यांत किती मिनिटं आहेत (टँकर रिकामा व्हायला, परत जाऊन भरून यायला वेळ लागतो, ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहेच), एकाच हस्ताक्षरात एकाच पेनाने महिनाभराच्या नोंदी आहेत का, आणि रजिस्टरमधली महिन्याची बेरीज बिलाशी जुळते का. तंतोतंत जुळली तर उलट जास्त सावध व्हा, कारण बिलावरून रजिस्टर भरलेलं असू शकतं. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते विचारा. त्यातले कोणतेही दोन दिवस रजिस्टरशी ताडून बघितले तर अर्ध्या तासात कळतं.

आता नमुना तपासणीकडे वळू, कारण ‘ऑडिटरने सगळं का तपासलं नाही’ ही तक्रार यातूनच येते. सगळं तपासणं हे ऑडिटचं काम नाही, आणि 15,000 रुपयांत तर नाहीच. प्रश्न एवढाच असतो की किती आणि कसं निवडलं. समजा वर्षभरात 1,000 पेमेंट झाली आणि त्यातली 30 गडबडीची आहेत, म्हणजे शंभरात तीन. ऑडिटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखी 25 उचलली तर त्यात एकही गडबडीचं न सापडण्याची शक्यता शंभरात सुमारे 46. नाणं उडवल्यासारखंच झालं. 60 उचलली तर ही शक्यता 15-16 वर येते, 100 उचलली तर चार-पाचवर. ‘नमुना तपासणी केली’ या तीन शब्दांमागे 25 आहेत की 100, यावर सगळा खेळ असतो, आणि अहवालात हा आकडा बहुतेक वेळा नसतोच.

कसं निवडलं हे त्याहून महत्त्वाचं. सर्रास चालणारी पद्धत म्हणजे ‘दोन महिने पूर्ण बघू, एप्रिल आणि मार्च’. याला ब्लॉक पद्धत म्हणतात. आपल्याकडच्या ऑडिटिंग मानकांत, म्हणजे एसए 530 मध्ये, स्पष्ट म्हटलंय की सलग गठ्ठा उचलण्याची ही पद्धत नमुना निवडीसाठी सहसा योग्य नाही. कारण दोन महिने इतर दहा महिन्यांसारखेच असतील याची खात्री नाही. शिवाय मॅनेजर चार वर्षं तोच असेल तर ऑडिटर कोणते महिने बघतो हे त्याला पाठ असतं. चालणारी पद्धत अशी: ठरावीक रकमेच्या वरचं, समजा 50,000 च्या वरचं, प्रत्येक पेमेंट तपासायचं. तुमच्या आकाराच्या सोसायटीत अशी 70 च्या आसपास निघतील आणि खर्चाच्या रकमेचा मोठा वाटा तिथेच संपतो. उरलेल्यांतून 60 आकस्मिक, आकडे संगणकाने काढलेले. आणि तिसरा गठ्ठा जाणीवपूर्वक निवडलेला, ज्यात वास येतो तो.

वास येणाऱ्यांत काय बघायचं? तुमच्या सभेने ठरवलेल्या खर्चाच्या किंवा कोटेशन मागवण्याच्या मर्यादेच्या जरा खालच्या रकमा. मर्यादा 25,000 असेल आणि एकाच प्लंबरला 24,800, 24,500, 24,650 अशी पंधरा दिवसांत तीन पेमेंट असतील तर ते एक काम तीन तुकड्यांत कापलेलं आहे. बिल नंबरांची सलगता: एखाद्या पुरवठादाराची बिलं एप्रिलमध्ये 41, मेमध्ये 42, जूनमध्ये 43 असतील तर त्याला जगात तुमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईकच नाही. जीएसटी लावलेला असेल तर नंबर पोर्टलवर टाकून बघायचा, दोन मिनिटांचं काम. आणि मॅनेजरच्या नावावर निघालेली ‘किरकोळ खर्च अग्रिम’, जी मार्चअखेर एकाच नोंदीने मिटवलेली असते.

बँकेच्या बाजूला मी दोनच गोष्टींवर अडून बसतो. मुदत ठेवींची पावती फाईलमध्ये आहे एवढ्यावर समाधान मानायचं नाही. बँकेकडून शिल्लक आणि ठेवींचं पत्र ऑडिटरने स्वतः मागवायचं आणि ते थेट त्याच्याकडे यायला हवं, मॅनेजरच्या हातून नाही. सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण 2009 मध्ये उघडकीस आलं तेव्हा वहीत दाखवलेली बँकेतली हजारो कोटींची रोकड आणि ठेवी प्रत्यक्षात नव्हत्याच. पत्र कोणत्या वाटेने आलं, हा कारकुनी तपशील वाटतो, पण खोट्या कागदाला आत यायला तीच वाट असते. दुसरी गोष्ट, बँक ताळमेळ पत्रक, म्हणजे वहीतली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक यांतला फरक समजावणारा कागद. त्यात ‘दिलेले पण न वटलेले चेक’ या यादीत तीन महिन्यांहून जुना चेक दिसला की थांबायचं. 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत तीन महिनेच आहे, त्यामुळे तो आता वटणारच नाही. मग ती रक्कम खर्चात का पडून आहे, याला उत्तर हवं.

उत्पन्नाच्या बाजूला पुन्हा तोच स्वतंत्र अंदाज. 184 फ्लॅट, महिना 4,200 मेंटेनन्स धरला तर वर्षाचे 92,73,600. वहीतला आकडा याच्याशी जुळवायचा आणि फरकाचा प्रत्येक रुपया नाव घेऊन समजून घ्यायचा. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं नॉन ऑक्युपन्सी शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत, थकबाकीवरचं व्याज जास्तीत जास्त 21 टक्के सरळव्याज, फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना घ्यायचं हस्तांतरण अधिमूल्य 25,000 च्या वर नाही. भाडेकरू किती आहेत हे लिव्ह अँड लायसन्सच्या प्रतींवरून मोजा आणि बिलिंगमध्ये किती जणांना 10 टक्के लावलेत ते बघा. आपल्या पट्ट्यात हा फरक हमखास निघतो. तो चोरीचाच असतो असं नाही, बऱ्याचदा नुसतं दुर्लक्ष.

हे सगळं वाचून वाटेल की चांगल्या ऑडिटरला हे माहीत नसतं का? माहीत असतं. इथे माणसाचं मन आडवं येतं, आणि यावर बराच अभ्यास झालेला आहे. जॉइस आणि बिडल या दोघांनी 1981 मध्ये ऑडिटरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका गटाला विचारलं, दर हजार कंपन्यांत वरिष्ठ व्यवस्थापनाची लबाडी 10 हून जास्त ठिकाणी असेल का? दुसऱ्या गटाला तेच, पण 10 च्या जागी 200. नंतर दोघांनाही स्वतःचा अंदाज द्यायला सांगितलं. पहिल्या गटाचा सरासरी अंदाज हजारात 16-17 निघाला, दुसऱ्याचा 43. माहिती दोघांकडे तीच, फक्त आधी कानावर पडलेला आकडा वेगळा. तुमच्या ऑडिटरच्या कानावर पहिल्या दिवशी काय पडतं? ‘साहेब, पाच वर्षं अ वर्ग आहे.’ आणि हातात मागच्या वर्षीची फाईल, ज्यात टँकर खर्च 28 लाख 90 हजार. या वर्षी 29 लाख 20 हजार, म्हणजे एका टक्क्याची वाढ, ‘वाजवी’ अशी टिकमार्क. मागचं वर्ष चुकीचं असेल तर या वर्षाची तुलना ती चूक पक्कीच करते.

यावर उपाय फार हुशारीचा नाही. अंदाज आधी लिहायचा आणि खातेवही नंतर उघडायची. क्रम उलटला की सारं उलटतं, कारण आकडा दिसल्यावर त्याला साजेशी कारणं डोकं आपोआप शोधतं. त्यामुळे नव्या ऑडिटरला मागची पाच वर्षं काय झालं याची कहाणी पहिल्याच भेटीत सांगू नका. तुमचा संशयसुद्धा नको, तोही आधी कानावर पडलेल्या आकड्यासारखाच मनाला बांधून ठेवतो. फक्त कामाची व्याप्ती सांगा.

महत्त्वाची रक्कम कोणती, म्हणजे कितीच्या खालची चूक ऑडिटरने किरकोळ धरायची, हाही निर्णयाचाच भाग. मानकांत ठरावीक टक्का बांधून दिलेला नाही, पण एकूण खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास धरण्याची पद्धत बरीच रूढ आहे. तुमचा खर्च 95 लाखांच्या घरात असेल तर ही रेघ 95,000 वर येते. महिन्याला 7,000 उचलणारा माणूस वर्षाला 84,000 नेतो आणि रेघेच्या खालून निघून जातो. ताळेबंद ‘खरा आणि वाजवी’ राहतो, आणि सभासदांच्या दृष्टीने मात्र चोरी झालेली असते. म्हणून व्याप्तीत लिहून घ्यायचं की फसवणुकीचा संशय असलेली कोणतीही रक्कम, कितीही लहान, अहवालात येईल.

‘अ’ वर्गाबद्दल एवढंच सांगतो: ती सोसायटीच्या एकूण कारभाराची, दप्तराची, निधींची, नियमपालनाची श्रेणी आहे. प्रत्येक पेमेंट बरोबर असल्याचा तो दाखला नाही. सभेत टाळ्या मात्र त्यालाच पडतात.

आता कोटेशन. वर सांगितलेलं काम तासांत मांडू. बँक आणि ताळमेळ 4 तास. ठेवी आणि थेट पत्रव्यवहार 3. उत्पन्नाची फेरमोजणी आणि थकबाकी 5. 70 आणि 60 मिळून 130 व्हाउचर, प्रत्येकी 6 मिनिटं, 13 तास. टँकर, सिक्युरिटी, जनरेटरचं डिझेल यांचा संख्येचा पडताळा 5. सभासद नोंदवह्या, इतिवृत्तं, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी) 4. टीडीएस आणि जीएसटी 3. अहवाल लिहिणं आणि त्यावर चर्चा 5. बेरीज 42 तास. 15,000 ला भागलं तर तासाला 357 रुपये, 32,000 ला 762, 60,000 ला 1,429. ठाण्यात ऑफिसचं भाडं आणि असिस्टंटचा पगार देऊन 357 रुपये तासाने कोणी 42 तास बसणार नाही. तो अप्रामाणिक आहे असं यातून निघत नाही. तो 42 तासांचं काम करणार नाही, एवढंच निघतं. 10-12 तासांचं करेल आणि अहवाल मात्र दिसायला तोच असेल.

हीच या बाजाराची मेख आहे. भाजी घेताना वांगं दाबून बघता येतं, ऑडिट दाबून बघता येत नाही. चांगल्या आणि वाईट ऑडिटच्या शेवटी सही, शिक्का आणि वर्ग सारखाच येतो. गिऱ्हाइकाला फरक दिसत नसेल तर तो कमी दराचं घेतो, आणि जास्त तास घालणारा हळूहळू या कामातून बाजूला होतो. अर्थशास्त्रज्ञ अकरलॉफने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरून हेच दाखवलं होतं. 1981 मध्ये लेखाशास्त्राच्या अभ्यासक लिंडा डीॲंजेलो यांनी ऑडिटच्या दर्जाची जी व्याख्या केली ती मला अजूनही सर्वांत उपयोगाची वाटते: ऑडिटरला चूक सापडण्याची आणि सापडल्यावर ती त्याने सांगण्याची एकत्रित शक्यता. तास आणि कौशल्य यांनी पहिला भाग सुधारतो. दुसरा भाग पैशाने सुधारत नाही. 60,000 वाल्याला सगळं सापडलं आणि त्याने ते कमिटीच्या कानात सांगून सोडून दिलं, तर तुम्ही 45,000 जास्त मोजून काय मिळवलंत?

दुसऱ्या भागावरचा सर्वांत बोलका प्रयोग शेजारच्या गुजरातमधला आहे. डुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या 473 कारखान्यांवर तो केला, 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कारखान्याने स्वतः ऑडिटर नेमायचा आणि स्वतःच पैसे द्यायचे, या नेहमीच्या पद्धतीत धुलीकणांची मर्यादा ओलांडलेले कारखाने ऑडिटरांच्या अहवालात फक्त 7 टक्के होते. स्वतंत्र मोजणीत ते 59 टक्के निघाले. मग निम्म्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली: ऑडिटर चिठ्ठीने दिला, पैसे एका मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने, काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतल्या आणि दुसऱ्या वर्षी अचूकतेनुसार मोबदला. मर्यादेबाहेरच्या कारखान्याला ‘ठीक आहे’ म्हणण्याचं प्रमाण 80 टक्क्यांनी घटलं. माणसं त्याच पेशातली, कोण नेमतो आणि कोण पुन्हा तपासतो एवढंच बदललं. कारखान्यांचं प्रदूषणही उतरलं, हे विशेष.

सोसायटीत चिठ्ठी टाकून ऑडिटर मिळत नाही, पण यातलं बरंच जमतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 75 प्रमाणे ऑडिटर सरकारमान्य पॅनेलमधून वार्षिक सर्वसाधारण सभेने नेमायचा असतो. प्रत्यक्षात कमिटी एक नाव वाचते, एक सूचक, एक अनुमोदक आणि पुढचा विषय. तुम्ही तिन्ही नावं आणि कामाची लेखी व्याप्ती सभेपुढे ठेवा. फी सभेनेच ठरवू दे, नंतर कमी-जास्त नाही. ज्या वर्षाचं ऑडिट आहे त्या वर्षी सह्या करणाऱ्यांनी ऑडिटरशी फीची घासाघीस करायची नाही. आणि ऑडिट झाल्यावर कमिटीबाहेरच्या दोन सभासदांनी स्वतः 15 व्हाउचर उचलून बघायची, हे आधीच जाहीर करायचं. ही पुन्हा तपासणी होणार हे माहीत असण्याचा परिणाम त्या 15 व्हाउचरांपेक्षा मोठा असतो.

कायद्यातल्या काही गोष्टी इथे कामाला येतात. तोच ऑडिटर सलग तीन वर्षांहून जास्त नेमता येत नाही. तुमच्याकडे पाच वर्षं एकच नाव असेल तर तो वेगळाच प्रश्न आहे, ठराव काढून बघा. एका ऑडिटरला वर्षात 20 संस्थांची मर्यादा आहे, पण वसूल भागभांडवल एक लाखाहून कमी असलेल्या संस्था त्यात मोजत नाहीत. तुमच्याकडे प्रत्येकी 50 रुपयांचे 10 शेअर असतील तर 184 सभासदांचे 92,000 होतात. म्हणजे तुमची सोसायटी त्या विसात येतच नाही, आणि 200 फ्लॅटच्या आतली कुठलीच येत नाही. त्यामुळे ‘मर्यादा आहे, म्हणजे वेळ देईल’ असं गृहीत धरू नका. सरळ विचारा: या वर्षी एकूण किती सोसायट्या आहेत आणि आमच्याकडे प्रत्यक्ष कोण बसणार? दुसरा प्रश्न असा: तुमच्या किंवा तुमच्या नात्यातल्या कोणाच्या ऑफिसात आमचे हिशेब लिहिले जातात का? कमी फीचं रहस्य अनेकदा इथे असतं. ऑडिट 15,000 ला आणि अकाउंट्स, रिटर्न्स, कन्व्हेयन्सची (जमीन सोसायटीच्या नावावर करण्याची) फाईल यातून उरलेली कमाई. स्वतः लिहिलेला हिशेब स्वतःच तपासायचा, त्यात चूक सापडणार कशी?

तिघांनाही व्याप्तीचं एकच पान द्या आणि त्यावर पुन्हा दर मागवा. 15,000 वाला त्याच कामाला 35,000 म्हणेल किंवा माघार घेईल, दोन्ही चालेल. 60,000 वाला कदाचित खाली येईल, कारण त्याने अनिश्चिततेचे पैसे लावले असतील. तुमच्या वर्णनावरून मी 32,000 च्या आसपासच्या माणसाकडे झुकेन, पण तो तास लिहून द्यायला तयार असेल तरच. या वर्षी मोठी दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग किंवा पुनर्विकासाचा व्यवहार असेल तर हे गणित बदलतं, ते काम वेगळं धरा.

एक गोष्ट सोयीची आहे. सभा सप्टेंबरअखेर होते आणि नेमणूक चालू आर्थिक वर्षासाठी असते. म्हणजे नेमणुकीच्या दिवशी निम्मं वर्ष शिल्लक असतं, आणि बहुतेक सोसायट्या ते वाया घालवून ऑडिटरला थेट एप्रिलनंतर बोलावतात. व्याप्तीतच लिहा की डिसेंबरच्या आत एक न कळवता भेट: हातातली रोख मोजणं, त्या दिवसाचे टँकर गेटवर उभं राहून मोजणं, सिक्युरिटीच्या बिलात 14 गार्ड असतील तर डोकी 14 आहेत का बघणं. ऑडिटरची लेखी संमती घेऊन सभेपासून 30 दिवसांत सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे विवरण भरायचं असतं, ते विसरू नका. ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे 31 जुलैपर्यंत पूर्ण व्हायला हवं.

मागच्या वर्षांबद्दल नवा ऑडिटर काही करू शकणार नाही, त्याची नेमणूक त्यासाठी नाही. वरची पडताळणी करून संशय टिकला तर फेरलेखापरीक्षणासाठी निबंधकांकडे जाता येतं, किंवा कलम 83 खाली चौकशीची मागणी एक पंचमांश सभासद करू शकतात. तुमच्याकडे ती संख्या 37. ऑडिटरलाच लबाडी दिसली तर अहवाल दिल्यापासून 15 दिवसांत निबंधकांना विशेष अहवाल देणं त्याला बंधनकारक आहे, त्यामुळे ‘आपसात मिटवू’ असं तो म्हणाला तर ते त्याच्याही अंगाशी येतं.

पण अर्ज-विनंत्यांच्या आधी उद्या सकाळी एक काम करा. टँकर आणि गेटची जुनी रजिस्टरं मॅनेजरच्या केबिनमधून उचलून, पानांवर नंबर घालून, पोच देऊन तुमच्या ताब्यात घ्या. सोसायटीच्या दप्तरात ती जपून ठेवायची असतात हे कोणाच्या लक्षात नसतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे सगळ्यात आधी तीच जातात.